कढईत न वितळणारं

पनीर तळताना वितळत नाही, याचं श्रेय गिऱ्हाईक आचेला देतं. खरं काम दूध फाडतानाच उरकलेलं असतं. म्हशीचं दूध मी ९० अंशांपर्यंत तापवतो, जरा उतरू देतो आणि सायट्रिक ॲसिडचं गरम पाणी बारीक धारेनं सोडतो. एवढ्या तापात, एरवी निवळीबरोबर वाहून गेली असती ती प्रथिनंही केसीनला चिकटून बसतात. तो गोळा पुन्हा कितीही तापवा, पातळ होत नाही. निवळी हिरवट, नितळ दिसली की हात थांबवायचा. पांढुरकी राहिली तर आम्ल कमी पडलं, आणि पुढे ओतत राहिलात तर पनीर रवाळ, कडक.

ग्रीसमधली सागानाकी करून बघायचं खूळ माझ्या डोक्यात आलं ते यामुळेच. तिथे केफालोतिरी किंवा ग्राविएरा चीजचा बोटभर जाड काप पाण्यात बुडवतात, पिठात घोळतात, दोन कानांच्या लहान पसरट भांड्यात ऑलिव्ह तेलावर तळतात आणि वर लिंबू पिळतात. (ब्रँडी ओतून पेटवायचा तमाशा शिकागोतल्या ग्रीक हॉटेलांचा, १९६०च्या दशकातला. चवीशी त्याचा फारसा संबंध नाही.) केफालोतिरी मेंढी-शेळीच्या दुधाचं, खारट आणि महिनोन्‌महिने मुरवलेलं. ते आतून मऊ पडतं, म्हणून पिठाचं कवच लागतं.

शेजारच्या सायप्रसचं हलूमी मला जास्त जवळचं वाटतं. ते रेनेटनं थिजवून, दाबून, मग त्याच्याच निवळीत शिजवतात आणि आंबू देत नाहीत. त्यामुळे प्रथिनांना धरून ठेवणारं कॅल्शियम जागेवर राहतं आणि तव्यावर तुकडा तसाच उभा. आपण आम्लानं जे साधतो, ते त्यांनी आम्ल टाळून साधलं!

रेनेट म्हणजे मुळात कोकराच्या किंवा करडाच्या जठरातला अर्क. आमच्या कारंज्यात हे चालायचं नाही. जैनांचं जुनं ठाणं हे, साध्या पनीरलाही काकू विचारतात, “भाऊ, यात काई भलतंसलतं घातलं तं नाई ना?” आता सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट मिळतं, पण माझ्या गिऱ्हाइकाला ते पटवून सांगेपर्यंत लिंबानं काम होऊन जातं.

मग पनीरचीच सागानाकी केली. आमचा वाशीम जिल्हा सोयाबीनचा, तेल अर्थात तेच. कवच झकास कुरकुरीत झालं, आत मात्र दूधच दूध. मीठ नाही, मुरणं नाही. पनीर खाऱ्या पाण्यात ठेवून बघितलं तर कड खारट आणि मधला भाग तसाच अळणी. ग्रीसचं फेटा चीज असं निदान दोन महिने मुरतं. आमच्या दुकानात पनीरला दोन दिवसही कोण ठेवतं? सकाळचं संध्याकाळी संपलं नाही तर जीव वरखाली होतो.

लग्नाच्या ऑर्डरीला मी पीठबीठ लावत नाही. तुकडे कोरडे पुसायचे, तेल चांगलं तापल्यावर थोडे थोडे सोडायचे, कडा बदामी झाल्या की लगेच काढून मिठाच्या कोमट पाण्यात टाकायचे. तळताना गेलेलं पाणी परत आत शिरतं, मीठही थोडं लागतं. आचारी घाईत हे पाणी वगळतात आणि मग रश्श्यातलं पनीर दाताखाली रबरासारखं लागलं की शिव्या डेअरीवाल्याला.