धडधाकट डबी

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या खाली साबणाच्या वडीएवढी एक काळी डबी असे. इंटरनेटवरून गाणी आणि चित्रपट ओढून आणून ती टीव्हीवर दाखवी. दुकानदार तिला ‘स्ट्रीमिंग बॉक्स’ म्हणतात. आम्ही नुसते ‘डबी’ म्हणत असू. २०१६ च्या दिवाळीत मी ती विकत आणली. त्यानंतर तिच्याकडे कोणी पाहिले असेल तर ते दर वर्षीच्या झाडलोटीत, आणि तेही फडक्याच्या निमित्ताने. तिने कधी कुरकुर केली नाही, कधी दुरुस्तीला जाण्याचा हट्ट धरला नाही. आणि २०२४ च्या पावसाळ्यात एका रात्री, काहीएक झाले नसताना, ती मेली.

मेली म्हणणेही तितकेसे बरोबर नाही. तिचा दिवा लागत होता, रिमोटला ती ओ देत होती; बिचारीची प्रकृती उत्तम होती. फक्त गाणी लावू गेले की पडद्यावर एक वाक्य उमटे : ‘या उपकरणावर ही सेवा यापुढे उपलब्ध नाही.’ खाली ‘ठीक आहे’ असे लिहिलेले एक बटण होते. दुसरे बटणच नव्हते. माणसाला काहीही ठीक वाटत नसताना त्याच्याकडून ‘ठीक आहे’ असे वदवून घेण्याची ही सभ्यता मला त्या क्षणी फार झोंबली.

एकट्या माझाच प्रश्न असता तर मी दोन दिवस चरफडलो असतो आणि तिसऱ्या दिवशी दुसरी डबी आणली असती. पण ती डबी नावाला माझी. खरी ती अण्णांची. माझे वडील त्या वेळी शहाऐंशी वर्षांचे होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी हळूहळू गेली, आणि २०१८ पासून त्यांना उजेड आणि अंधार एवढाच काय तो भेद कळतो. उमेदीची सारी वर्षे त्यांनी तारखात्यात काढली. त्यांच्या ऑफिसात टेलिप्रिंटर आले नव्हते तोवर लांब आणि आखूड ठोक्यांवरून अक्षरे ओळखणे हाच त्यांचा व्यवसाय होता. अशा माणसाचे पडद्यावाचून अडत नाही. डबी चालू करून वीस आकडे मोजावयाचे; मग उजवीकडे तीनदा, खाली दोनदा आणि मधले बटण, की त्यांनी जमविलेली गाण्यांची यादी उघडे. तेथून खाली चार म्हणजे मल्लिकार्जुन मन्सूर, नऊ म्हणजे हिराबाई बडोदेकर, तेरा म्हणजे केसरबाई केरकर. रात्री साडेनऊच्या सुमारास त्यांच्या खुर्चीकडून रिमोटची टकटक ऐकू येई आणि मागोमाग तंबोरे सुरू होत. आकडा चुकला तर ते स्वतःशीच हसत आणि पहिल्यापासून मोजू लागत. सहा वर्षे त्यांनी याकरिता कोणाला हाक मारली नाही. ज्यांच्या घरी ऐंशी ओलांडलेले आईवडील आहेत त्यांना ‘हाक मारली नाही’ याचा अर्थ मी सांगावयास नको.

त्या रात्री टकटक ऐकू आली, पण तंबोरे सुरू झाले नाहीत. पुन्हा टकटक. मी आत जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. चौथ्या की पाचव्या खेपेनंतर अण्णा हलकेच म्हणाले, “अरे, माझे मोजणे चुकते आहे का, बघ रे जरा.”

पडद्यावरचे वाक्य त्यांना दिसण्याचा संभवच नव्हता. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला यंत्राने साथ सोडली म्हणजे तो प्रथम स्वतःच्या स्मरणशक्तीवर संशय घेतो. “अण्णा, तुमचे काही चुकलेले नाही, डबीचेच बिनसले आहे,” असे मी त्यांना दोन-तीनदा सांगितले. पण त्यांची बोटे रिमोटवर पुढे कितीतरी वेळ चाचपडत होती. मला जो राग आला तो मुख्यतः या गोष्टीचा.

दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या ग्राहकसेवेला फोन केला. पाऊण तास सतारीची एकच गत ऐकविल्यानंतर एका मुलीने फोन घेतला. तिचे वागणे निर्दोष होते. माझ्या डबीचा क्रमांक ऐकून ती म्हणाली, “सर, तुमच्या उपकरणाचा सपोर्ट २०१९ मध्येच संपला आहे.” मी म्हटले, “मग पाच वर्षे ती चालली कशी?” यावर तिच्यापुढील कागदात उत्तर नसावे, कारण तिने मला नव्या डबीवर पंधरा टक्के सूट देऊ केली.

उत्तर मिळाले ते माझ्या पुतण्याकडून. तो संगणकाच्या धंद्यात आहे आणि यंत्रांविषयी बोलताना त्याचा आवाज डॉक्टरांसारखा खाली येतो. त्याच्या सांगण्याप्रमाणे अशा डबीचे मरण दोन टप्प्यांनी येते. आधी कंपनी तिला नव्या सुधारणा पाठविण्याचे बंद करते. हे आपल्याला कळतही नाही. डबी चालतच असते, फक्त तिच्या दारावरचा पहारा उठलेला असतो. मग काही वर्षांनी, ज्यांची गाणी ती आणते ते लोक आपले दार बदलतात : नवे कुलूप, नवी किल्ली, चित्र आणि आवाज बांधण्याची नवी रीत. जुन्या डबीला ही किल्ली कोणी घडवून देत नाही. शिवाय प्रत्येक डबीच्या पोटात ओळखीचा एक दाखला असतो आणि त्यावर मुदत असते. हे मला आधी थट्टेचे वाटले. पण पुढे ९ मार्च २०२५ रोजी गूगलच्या क्रोमकास्टच्या दुसऱ्या पिढीतील, म्हणजे २०१५ साली बाजारात आलेल्या, डब्या ठिकठिकाणी एकाएकी निकामी झाल्या, त्या अशाच एका दहा वर्षांच्या दाखल्याची मुदत संपल्यामुळे. तेथे कंपनी जागी होती. तिने थोड्याच दिवसांत दुरुस्ती पाठविली आणि डब्या पुन्हा बोलू लागल्या. आमच्या डबीचा वाली आधीच उठून गेला होता.

या सगळ्यात एक गंमत माझ्या फार उशिरा ध्यानात आली. सुधारणा येण्याचे थांबले होते म्हणूनच अण्णांची डबी चालत होती! नव्या डब्यांचा पडदा दर दोन-तीन महिन्यांनी आपली मांडणी बदलतो. आज उजवीकडे तिसरे असलेले घर उद्या खाली पाचवे होते. आमची डबी कंपनीने टाकून दिली, तिचा पडदा गोठला, आणि त्या गोठलेल्या पडद्यावर एका आंधळ्या माणसाला हक्काची पायवाट मिळाली. ज्या उपेक्षेने ती पाच वर्षे उपयोगी पडली तिनेच शेवटी तिला मारले.

कंपनीची बाजू मला मुळीच दिसत नाही असे नव्हे. जुने यंत्र जगवावयाचे म्हणजे प्रत्येक नवी सुधारणा त्यावर पारखून पाहावी लागते. त्याला माणसे लागतात, आणि माणसांना पगार. आठ वर्षांपूर्वी दिलेल्या तीन-साडेतीन हजार रुपयांत मी तिला आजन्म सेवेला बांधून घेतले होते, असे कोणत्या तोंडाने म्हणू? पण मग दुकानात तिने मला हे सांगावयास हवे होते. डबीच्या खोक्यावर वजन होते, विजेचा दाब होता, खोके कोणत्या देशात बांधले तेही होते. बिस्किटाच्या पुड्यावर असते ती एक ओळ मात्र नव्हती.

अखेर नवी डबी आणली. दुसऱ्या कंपनीची, केवळ सूडबुद्धीने. तिच्या रिमोटला कान आहेत. पुतण्या म्हणाला, “आजोबा, आता मोजायचे काम नाही. बटण दाबून नुसते नाव घ्या.” अण्णांनी घसा साफ केला, बटण दाबले आणि एखाद्या वडीलधाऱ्या बाईंना हाक मारावी तशा अदबीने म्हणाले, “केसरबाई.” डबीने क्षणभर विचार केला आणि केसर बर्फी कशी करावी हे सांगावयास प्रारंभ केला. घरातील सगळे हसले, अण्णाही हसले. दुसऱ्या रात्री त्यांनी ‘केसरबाई केरकर’ असे पूर्ण नाव घेतले, तेव्हा गाणे लागले. पण त्याआधी एका साबणाची आणि एका विमा कंपनीची जाहिरात लागली, व ती पुढे ढकलण्याचे बटण पडद्यावर कोठे आहे हे सांगावयास मला उठावे लागले. तिसऱ्या रात्री त्यांनी रिमोट हातात घेतला नाही. “आज ऐकावेसे वाटत नाही रे,” एवढेच म्हणाले. चौथ्या रात्रीही त्यांना ऐकावेसे वाटले नाही.

त्या दिवसांत मला केसरबाईंच्याच एका तबकडीची वारंवार आठवण होई. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात धाडली. त्या प्रत्येकावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे आणि तिच्यात पृथ्वीवरच्या निवडक संगीताबरोबर केसरबाईंची भैरवीतील एक चीज आहे. त्यांपैकी एक यान निघाले त्याच सप्टेंबरात केसरबाई वारल्या. ही तबकडी कोणाच्या हाती पडेल याचा काहीही भरवसा नाही. तरी पाठविणाऱ्यांनी तिच्यासोबत पिन आणि ती बसविण्याचे साधन ठेवले, आणि तबकडी कोणत्या वेगाने फिरवावी हे वेष्टनावर आकृत्या कोरून समजाविले. ज्याला आपली भाषा येत नाही, कदाचित ज्याला कानही नाहीत, अशा ऐकणाऱ्याची एवढी काळजी! गोव्यातील केरी गावच्या या बाईंचा स्वर सूर्यमालेच्या कडेपलीकडे गेला, आणि इकडे पुण्यात, आमच्या घरात, तो तेरा बोटांवरून नाहीसा झाला.

अण्णांचा राग मात्र माझ्याइतका भडक नव्हता. एकदा मी कंपनीला शिव्या देत असता ते म्हणाले, “सेवा बंद होतातच. आमची नाही झाली?” खरेच, १५ जुलै २०१३ पासून देशातील तारसेवा बंद झाली. पण ती बंद होणार हे महिनाभर आधी जाहीर झाले होते. शेवटचा दिवस १४ जुलै, रविवार. अण्णा तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे. चष्मा लावून दिसत होते. शेवटची तार करण्यासाठी लोकांची रांग लागली होती आणि निवृत्त होऊन सतरा वर्षे झालेले अण्णा त्या रांगेत उभे राहिले. त्यांनी तार केली ती आपल्याच घरच्या पत्त्यावर, आईच्या नावाने. आईने ती देवघरातील पोथीत ठेवली होती. ती गेल्यानंतर आम्हाला ती तेथेच सापडली. “तारीख ठाऊक असली म्हणजे माणूस रांगेत तरी उभा राहतो,” असे अण्णा म्हणाले आणि गप्प झाले.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून असा कायदा अमलात आला आहे की, इंटरनेटला जोडावयाचे उपकरण घरगुती ग्राहकांसाठी बाजारात आणणाऱ्याने त्याच्या सुरक्षिततेच्या सुधारणा निदान कोणत्या तारखेपर्यंत मिळतील हे जाहीर केलेच पाहिजे. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. हक्क चांगलाच आहे. पण आमच्या डबीत दुरुस्त करण्याजोगे काही बिघडलेलेच नव्हते, ही अडचण कोणत्या समितीपुढे न्यावी? मी आपला स्वतःपुरता उपाय योजिला. परवा नवा पाणी गाळण्याचा संच घेताना दुकानदाराला विचारले, “हा मोबाइलला जोडता येतो म्हणता, ते किती सालापर्यंत?” तो म्हणाला, “साहेब, एक वर्षाची वॉरंटी आहे.” मी म्हटले, “वॉरंटी नव्हे, तारीख.” त्याने माझ्याकडे, आणि मग सहानुभूतीने माझ्या पत्नीकडे पाहिले. आम्ही मोबाइलला न जोडला जाणारा संच घेतला.

डबी भंगारात गेली नाही. तिच्या पाठीला एक चपटे छिद्र होते, ज्यात आठ वर्षांत कोणी काही घातले नव्हते. पुतण्याने ते शोधून काढले. अण्णांनी पूर्वी रेडिओवरून भरून घेतलेल्या चाळीसएक कॅसेटी माळ्यावर होत्या. त्यातल्या वाजण्याजोग्या कॅसेटी पुतण्याने तीन रविवार बसून संगणकावर उतरविल्या आणि पेन ड्राइव्हमध्ये भरल्या. डबीचे इंटरनेट त्याने कायमचे तोडले. पहारा नसलेल्या घराचे दार उघडे ठेवू नये, असे तो म्हणाला. आता तिच्यात हिराबाई आहेत, मन्सूर आहेत. केसरबाईंची एकच कॅसेट निघाली आणि तिची दुसरी बाजू बुरशीने गेलेली आहे. पूर्वीच्या यादीच्या निम्मेही हे नाही.

पहिल्या रात्री अण्णांनी नवे आकडे पाठ केले. खाली दोनदा, मधले बटण, मग सात. तंबोरे लागले. मी म्हटले, “अण्णा, आणखी काही कोठे मिळाले तर तेही भरून देतो.”

“दे,” ते म्हणाले, “पण खाली भर. वरचे नंबर हलवू नकोस.”