ठाकुर्ली, जुलै 2025

2 जुलै
तळेगाव दाभाड्याहून फोन. पॉलिहाऊसमधल्या फॉगरचा कंट्रोलर संध्याकाळी बंद पडतो, सकाळी ऊन आलं की आपोआप चालू. "साहेब, आत जरबेरा आहे. रोपं माना टाकतात." बोर्ड पाठवून द्या म्हटलं.

3 जुलै
बोर्ड आला. टेबलावर 24 व्होल्टवर ठणठणीत. तीन अँपिअर लोड, तरी 5 व्होल्ट जागचे हलत नाहीत.
रात्री लक्षात आलं: त्यांची बॅटरी 12 ची. त्यात ढगाळ हवा, सोलर पॅनेल काय भरणार.

4 जुलै
सप्लाय 12 वर आणला. अडीच अँपिअरच्या पुढे गेलं की बोर्ड रीसेट. दोष दिसला. सापडायचा आहे.
स्कोपवर नेहमीचा 400 किलोहर्ट्झचा रिपल, आणि त्यावर चढलेली एक संथ लाट. एका फेरीला 40 मायक्रोसेकंद. प्रोबची लांब अर्थ-वायर काढून टोकाशी छोटी स्प्रिंग लावली. लाट तशीच. म्हणजे खरी आहे, मापनातला गोंधळ नव्हे.

5 जुलै
ऑसिलेशन म्हटलं की पहिला संशय फीडबॅकवर. हाताखालच्या मुलीने कॉम्पेन्सेशनचा कंडेन्सर बदलला, मग दुप्पट केला. लाटेची उंची थोडी बदलली. फेरी 40 ची 40 च. तिनेच विचारलं, "सर, लूप बदलला तर फ्रिक्वेन्सी का नाही बदलत?"
प्रश्न लाखमोलाचा. उत्तर आज नाही.

6 जुलै
आषाढी. खिचडी खाऊन परत टेबलावर.
प्रोब आउटपुटवरून काढून इनपुटला लावला. लाट तिथे कितीतरी मोठी! 12 व्होल्ट खालीवर झुलत आहेत. आपण आठवडाभर खोलीच्या चुकीच्या कोपऱ्यात बघत बसलो असतो.

7 जुलै
सकाळी गणित मांडलं. इनपुटला 10 मायक्रोहेन्रीची कॉइल. 40 मायक्रोसेकंदांची फेरी यायला कंडेन्सर 4 मायक्रोफॅरडचा लागतो. बोर्डावर 4.7 चा सिरॅमिक. डीसी व्होल्टेज चढलं की सिरॅमिकची क्षमता घटते. हिशेब बसला. झुलतोय तो इनपुट फिल्टर.
पण त्याला झुलवतंय कोण? बोर्डावरचा, 12 चे 5 व्होल्ट करणारा कन्व्हर्टर. आउटपुट पक्का धरून ठेवतो, म्हणून आत ओढलेली पॉवर कायम. व्होल्टेज उतरलं की करंट वाढवतो. फिल्टरला हा ऋण रेझिस्टन्स दिसतो. किंमत व्होल्टेजचा वर्ग भागिले पॉवर. 17 वॉट धरले तर 24 व्होल्टवर 34 ओहम, 12 वर जेमतेम साडेआठ. फिल्टरचा इंपिडन्स त्याच्या रेझोनन्सपाशी याहून वर गेला की संपलं. कॅल्टेकच्या मिडलब्रुक यांनी 1976 मध्ये हे मांडून ठेवलं आहे. तरी नवे बोर्ड यात अडकतातच.
संध्याकाळी चोळेगावात काम होतं. तिथल्या जुन्या पॉवर हाऊसची आठवण निघाली. रेल्वेचं स्वतःचं वीजकेंद्र, 1500 व्होल्ट डीसीच्या जमान्यातलं. डीसी तारेखाली इन्व्हर्टरची गाडी चालवायची तर तिच्याही पुढे कॉइल-कंडेन्सरचा फिल्टर, आणि तिथेही हाच ऋण रेझिस्टन्स. आमचे 17 वॉट, त्यांचे मेगावॉट. नियम एकच.

8 जुलै
बोर्डाची जुनी आवृत्ती काढून पाहिली. तिथे इनपुटला 47 मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक आहे. उन्हात सुकतो म्हणून नव्या आवृत्तीत गिऱ्हाइकाने तो काढायला लावला. कारण रास्तच होतं. पण त्याचा जो अंगचा रेझिस्टन्स सगळे दोष मानतात, तोच ही लाट जिरवत होता.
दुपारपासून वीज नाही.

9 जुलै
47 चा जुना इलेक्ट्रोलिटिक वरून सोल्डर केला. लाट गेली. परत काढला, परत आली. मुलगी टाळ्या वाजवत होती.
पण पॉलिहाऊसच्या उकाड्यात हा टिकणार नाही. दर दहा अंशांना त्याचं आयुष्य निम्मं. त्याऐवजी 50 व्होल्टचे 10 मायक्रोफॅरडचे तीन सिरॅमिक, आणि त्यांच्या सिरीजमध्ये दीड ओहम. फिल्टरचा स्वतःचा इंपिडन्स तेवढाच निघतो.

10 जुलै
पूर्ण लोड. व्होल्टेज हळूहळू उतरवत 10 पर्यंत नेलं. शांत. लोड झटक्याने चालू-बंद केला. एकदा हलतो, थांबतो. ड्रायरने तापवला. शांत.

11 जुलै
बोर्ड तळेगावला रवाना.

15 जुलै
फोन. पाऊस, ऊन नाही, बॅटरी उतरलेली, तरी रात्रभर चालला. जरबेरा वाचला म्हणाले.
ड्रॉइंगवर त्या रेझिस्टरशेजारी ठळक लिहून ठेवलं: हा दीड ओहम खर्च वाचवायला काढू नये. काढायचाच असेल तर आधी 12 व्होल्टवर, पूर्ण लोडला, इनपुटला प्रोब लावून पाहावं.