नाव नसलेली धून

गाण्याला शब्द असले की ते मागता येते. दुकानात जाऊन मुखडा सांगितला की विक्रेता कॅसेट काढून समोर ठेवतो. पण जिला शब्दच नाहीत, अशी एखादी धून मनात घर करून बसली आणि तिचे नाव ठाऊक नसले, तर ती मागावी कशी? श्रीपूरच्या एका किराणा व्यापाऱ्याला या प्रश्नाने जवळजवळ चाळीस वर्षे छळले. उत्तर मिळाले तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती आणि गावात सारे त्यांना शेठजी म्हणू लागले होते.

दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हते. शेठजी नेहमीप्रमाणे काहीतरी गुणगुणत बसले होते. सूनबाईंनी हसत मोबाइल पुढे केला आणि म्हणाल्या, "बाबा, यात गुणगुणा. हा ओळखून देतो." शेठजींना ते खरे वाटले नाही, तरी त्यांनी त्या चार ओळींचे सूर जमतील तसे म्हटले. क्षणभराने फोनमधून व्हायोलिनचा तोच झोत उसळला, पाठोपाठ तोच सरळ चालीचा ठेका आला आणि शेठजींनी हातातले पुडके खाली ठेवले. "सापडलं, बाबा. 'लव्ह्ज थीम' नाव आहे," सूनबाई म्हणाल्या. शेठजी काही बोलले नाहीत. ती धून त्यांनी तीन वेळा लावायला सांगितली.

1983 साली ते शेठजी नव्हते. एकोणीस वर्षांचा, वडिलांच्या धाकात वाढणारा एक मुलगा होता. माळशिरस तालुक्यातले श्रीपूर हे गाव साखर कारखान्याच्या भोंग्यावर जागे होणारे. 1934 साली चंद्रशेखर आगाशे यांनी स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला आणि गावाच्या व्यवहाराला गळीत हंगामाची लय मिळाली. ऊसबिले निघाली की उधारी वसूल होई, हंगाम संपला की ती पुन्हा साचू लागे. मुलाचे वडील, अण्णा, हा चढउतार वहीत बिनचूक मांडत. घरचे मीठ असो की मुलाची चप्पल, कोणाच्या तरी नावे पडल्यावाचून त्यांच्या दुकानातून काही बाहेर जात नसे.

कारखान्याच्या वसाहतीत किराणा पोहोचवण्याचे काम मुलाकडे होते. तेथील एका अभियंत्याच्या बंगल्यात रेकॉर्ड प्लेअर होता. एका सायंकाळी साखर-चहाची पिशवी ओट्यावर ठेवताना आतून ती धून ऐकू आली आणि मुलगा तेथेच थबकला. त्याने आजवर ऐकलेल्या संगीतात वाद्ये गाण्याची सेवा करीत. गायक थांबला की ती पुढे येत आणि तो गाऊ लागला की मागे सरत. येथे गायकच नव्हता. अभियंत्याने कौतुकाने ती धून एका कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिली. कॅसेटवर नाव लिहायचे दोघांच्याही ध्यानात आले नाही. पुढल्याच वर्षी अभियंता गाव सोडून गेला.

तिचे जन्मस्थान कोठे होते, हे शेठजींना आता कळले. बॅरी व्हाइट या कृष्णवर्णीय अमेरिकन संगीतकाराने ती रचली. लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीत तो वाढला आणि किशोरवयात मोटारींचे टायर चोरल्याबद्दल त्याने तुरुंगवासही भोगला. संगीताचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नव्हते. मनातले सूर तो सांगे आणि जीन पेज हे संयोजक ते वादकांसाठी कागदावर उतरवीत. चाळीस वादकांच्या त्याच्या ताफ्याचे नाव होते लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्रा. 1973 च्या अखेरीस ही धून बाजारात आली. रेडिओने तिला उचलून धरण्याआधीच न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत ती वाजू लागली होती आणि 1974 च्या फेब्रुवारीत ती अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचली. शब्द नसलेल्या रचनेला हा मान क्वचितच मिळतो.

ज्या संगीताला पुढे डिस्को म्हणू लागले, त्याच्या जडणघडणीत या धुनेचा वाटा मोठा आहे. नाचाचे संगीत तोवर ढोल, गिटार आणि आवाज यांच्या जोरावर चाले. व्हायोलिनचा ताफा म्हणजे वरची कलाकुसर. बॅरी व्हाइटने तो ताफाच नायक केला, खाली न तुटणारा ठेका ठेवला आणि मध्ये गिटारचा तो गुरगुरणारा, उघडझाप करणारा नाद सोडला. नाचणाऱ्यांचे पाय ठेक्याला बांधलेले राहिले आणि मन सुरांवर तरंगत राहिले. त्याच 1974 च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या वादकांची, अशाच घडणीची 'टीएसओपी' ही रचना पहिल्या क्रमांकावर आली. पुढच्या वर्षी व्हॅन मकॉय यांची 'द हसल' आली. डिस्कोची वाट आता रुंद झाली होती.

ही वाट भारताकडे वळवली ती बिड्डू यांनी. बंगळूरमध्ये जन्मलेला हा तरुण नशीब काढायला लंडनला गेला होता. 1974 साली त्याच्या निर्मितीतले 'कुंग फू फायटिंग' जगभर गाजले. 1975 साली त्याने स्वतःच्या वाद्यवृंदाच्या नावाने 'समर ऑफ फॉर्टी टू' ही चित्रपटातली धून डिस्कोच्या ठेक्यावर बसवली, तीही शब्दांवाचून, आणि इंग्लंडमध्ये ती लोकप्रिय झाली. 1980 च्या 'कुर्बानी'साठी त्याच बिड्डूने नाझिया हसन या किशोरवयीन मुलीकडून 'आप जैसा कोई' गाऊन घेतले. त्या एका गाण्याने हिंदुस्थानच्या गल्लीबोळांत डिस्को शिरला. त्या चित्रपटातील उरलेली गाणी कल्याणजी-आनंदजी यांची होती.

हे घराणे व्यापारी वाचकांना परके वाटू नये. वीरजी शाह यांचे कुटुंब कच्छमधून मुंबईला आले आणि त्यांनी किराणा दुकान टाकले. दुकानाचे बिल थकवलेल्या एका संगीत शिक्षकाने पैशांऐवजी मुलांना गाणे शिकवायचे कबूल केले, अशी हकीकत सांगतात. त्या शिक्षकाला स्वतःलाच फारसे येत नव्हते, असेही त्याच हकीकतीत आहे. शिक्षण जेमतेम असले तरी गोडी लागली. 1954 च्या 'नागिन'मध्ये घरोघरी पोहोचलेली पुंगीची धून मुळात पुंगीवर वाजलेलीच नव्हती. कल्याणजींनी ती क्लॅव्हिओलिन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर वाजवली. शब्दांवाचूनच्या सुरांचे बळ या घराने फार आधी ओळखले होते. याच घरातला धाकटा भाऊ बाबला तालवाद्यांकडे वळला. त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभा केला आणि ऐंशीच्या दशकाच्या आरंभी 'डिस्को दांडिया' आणून गरब्याच्या जुन्या चालींना नव्या ठेक्याची जोड दिली.

श्रीपूरच्या मुलाला यातले काहीच ठाऊक नव्हते. त्याला फक्त ती कॅसेट ऐकायची होती आणि घरात यंत्र नव्हते. दुकानाच्या मालासाठी सोलापूरला गेला असता त्याने गल्ल्यातल्या बाराशे रुपयांचा टू-इन-वन घेतला. अण्णा रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी वही उघडली, मुलाच्या नावाचे नवे खाते काढले आणि त्यात बाराशे रुपये नावे टाकले. मुलाला थोबाडीत बसली असती तरी इतके लागले नसते. पोटच्या मुलाला त्यांनी उधारीचे गिऱ्हाईक केले, ही सल मनात राहून गेली.

यंत्र दुकानातच ठेवायचे, घरी न्यायचे नाही, एवढी एकच अट अण्णांनी घातली. मग हंगामात ऊसतोड कामगार, ट्रक चालक, वसाहतीतल्या बायका सामान घेता घेता ती परदेशी धून ऐकू लागल्या. काही महिन्यांनी फीत यंत्रात गुंतली आणि तुटली. मुलगा पुन्हा सोलापूरला गेला आणि कॅसेटच्या दुकानात उभा राहून त्याने ती धून गुणगुणून दाखवली. दुकानदार हसला. "हे काय आहे ते मला कळत नाही, पण तुला ठेका आवडतो ना? हे ने," असे म्हणून त्याने 'डिस्को दांडिया' हातात ठेवली. हवी ती वस्तू मिळाली नाही, परंतु मिळालेलीही त्याच गोत्राची होती, हे त्याला कित्येक वर्षांनी उमगले.

त्याच सुमारास एका वर्तमानपत्रातून त्याला वीरजी शाहांची हकीकत कळली. सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्राने त्याला ड्रम वाजवायला बोलावले होते आणि अण्णांनी नकार दिला होता. त्यामुळे ती हकीकत त्याने मुद्दाम अण्णांना वाचून दाखवली. "तेही किराणा दुकानदारच होते, अण्णा. त्यांनी उधारी सोडली, म्हणून मुलं एवढी मोठी झाली."

अण्णांनी तागडी पुसून जागेवर ठेवली. "नीट वाच. वीरजीभाईंनी उधारी सोडली नाही, वसूल केली. फक्त पैशांत केली नाही, एवढंच."

मुलाला ते उत्तर कोरडे वाटले. तो सोलापूरला गेला नाही. दुकान कोण बघणार, या प्रश्नापुढे त्याच्याजवळ उत्तर नव्हते. लग्न झाले, मुले झाली. टू-इन-वन माळ्यावर गेला आणि अण्णा व तो यांच्यात हिशेबापलीकडचे बोलणे थोडेच उरले.

अण्णा गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीत, पाडव्याला नवी वही घालताना शेठजींनी जुन्या वह्या खाली काढल्या. त्या वर्षीच्या खतावणीत आपले खाते त्यांना सापडले. नावेच्या बाजूला बाराशे रुपये होते, तसेच. जमेच्या बाजूला, त्याच वर्षीच्या अखेरच्या तारखेला, अण्णांच्या बारीक अक्षरात ओळ होती: "दुकानात वाजवले त्याबद्दल जमा, रुपये बाराशे." खाली दोन रेघा मारून खाते मिटवलेले होते. म्हणजे अण्णांनीही वसुली केली होती आणि पैशांत केली नव्हती. यंत्र दुकानातच ठेवण्याची अट त्यांनी का घातली, हेही तेव्हा ध्यानात आले. एवढे लिहिले होते, पण तोंडाने एकदाही सांगितले नाही. शेठजी त्या पानापाशी बराच वेळ बसून राहिले. ऑर्केस्ट्राचे खाते मात्र कोणत्याच वहीत नव्हते आणि ते कधी मिटणारही नव्हते.

सूरांचाही व्यवहार काहीसा असाच चालतो. लॉस एंजेलिसहून निघालेली लाट लंडनमार्गे मुंबईत आली, दांडियात मिसळली आणि श्रीपूरच्या किराणा दुकानात येऊन थांबली. पुढे 2005 साली त्याच लॉस एंजेलिसच्या ब्लॅक आइड पीज या गटाने कल्याणजी-आनंदजींच्या 1978 च्या 'डॉन'मधील 'ये मेरा दिल'चे सूर घेऊन एक गाणे केले आणि त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या वेळी मूळ संगीतकारांची नावे श्रेयात लिहिली गेली. देणे-घेणे कोणालाच चुकत नाही. ते कबूल करून लिहून ठेवले की व्यवहार स्वच्छ राहतो, आणि वेळेवर बोलून दाखवले तर नातेही.

शेठजींचा नातू आता आठवड्यातून दोन दिवस अकलूजला ड्रम शिकायला जातो. महिन्याची फी कोणत्या खाती टाकायची, असे सूनबाईंनी विचारले होते. नातवाच्या नावे टाकायची नाही, असे शेठजींनी बजावून सांगितले. तेल, मीठ, डाळ यांच्या ओळीतच, घरखर्चात ती लिहिली जाते. आणि परतल्यावर नातू जे शिकला ते दुकानाच्या फळीवर बोटांनी वाजवून दाखवतो, तेव्हा गिऱ्हाईक उभे असले तरी शेठजी आधी त्याला सांगतात, "छान वाजवलंस."