आधी कोणत्या खाटेकडे जावे?

अमेरिकेत नोंदणीकृत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी उत्तीर्ण करावी लागणारी एनक्लेक्स-आरएन ही परवाना परीक्षा संगणकावर घेतली जाते आणि तिचे स्वरूप अनुकूली असते, म्हणजे आधीच्या उत्तरांवरून परीक्षार्थीच्या क्षमतेचा अंदाज बांधत संगणक पुढील प्रश्न निवडतो. एप्रिल २०२३ मध्ये लागू झालेल्या रचनेत किमान ८५ व कमाल १५० प्रश्न आणि पाच तासांचा अवधी असून, रुग्णाच्या लक्षणांतील महत्त्वाचे संकेत ओळखण्यापासून केलेल्या उपायाचा परिणाम तपासण्यापर्यंतची संपूर्ण विचारप्रक्रिया, म्हणजेच चिकित्सात्मक निर्णयक्षमता, तीत जोखली जाते.

प्रस्तुत लेखिकेने या परीक्षेची तयारी महाराष्ट्रातील एका रुग्णालयाच्या सर्जिकल वॉर्डात नोकरी करत केली. व्याख्या, कारणे, लक्षणे, उपचार आणि शुश्रूषा या क्रमाने दीर्घ उत्तरे लिहिण्याची सवय नर्सिंगच्या शिक्षणात पक्की झाली होती आणि त्या सवयीने ज्ञानाचा पाया भक्कमही केला होता. परंतु चार रुग्णांपैकी प्रथम कोणाकडे जावे, असे विचारणाऱ्या प्रश्नापुढे ती सवय अपुरी पडत असे, कारण तेथे चारही रुग्ण खरोखर आजारी असतात आणि निवड करायची असते ती कोणाची प्रकृती सर्वाधिक वेगाने ढासळू शकते याची.

हा विचार पुस्तकातून वॉर्डात कसा उतरतो, याचा प्रत्यय एका नाइट ड्युटीत आला. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतरचा एक रुग्ण अस्वस्थ होता, त्याची नाडी दर तपासणीला वाढत होती आणि लघवीच्या पिशवीत तासाभरात ३० मिलिलिटरहून कमी लघवी जमली होती, तरी रक्तदाब मात्र जवळपास पूर्वीइतकाच होता. शरीरातील रक्त कमी होऊ लागले की हृदयाची गती वाढवून आणि रक्तवाहिन्या आकुंचित करून शरीर काही काळ रक्तदाब टिकवून धरते. या अवस्थेला भरपाईची अवस्था म्हणतात, आणि त्यामुळेच रक्तदाब घसरण्याची वाट पाहणे म्हणजे मौल्यवान वेळ गमावणे होय. अभ्यासात वारंवार तपासलेले हे कारण लेखिकेला त्या वेळी स्पष्ट आठवले, तिने तीनही निरीक्षणे एकत्र मांडून ड्युटीवरील डॉक्टरांना तातडीने बोलावले आणि अंतर्गत रक्तस्रावाचे निदान होऊन रुग्णाला पुन्हा शस्त्रक्रियागृहात नेण्यात आले.

परीक्षेतील वॉर्ड आणि येथील वॉर्ड यांत अंतर आहे, हेही याच काळात उमगले. परीक्षेत सहायकाकडे कोणते काम सोपवावे असा प्रश्न येतो; येथे रुग्णाला भरवणे, पुसून घेणे, कूस बदलणे ही कामे बहुधा नातेवाईक किंवा वॉर्डातील मदतनीस मावशी करतात. तत्त्व मात्र दोन्हीकडे एकच असते, की प्रकृतीचे मूल्यमापन, रुग्णशिक्षण आणि उपायाच्या परिणामाची पारख ही परिचारिकेची जबाबदारी असून ती इतरांवर ढकलता येत नाही. म्हणूनच रुग्णाने प्यायलेले पाणी मोजून सांगण्यास लेखिका नातेवाइकांना शिकवू लागली, परंतु इनटेक-आउटपुट चार्टवरील आकड्यांचा अर्थ स्वतःच लावत राहिली. नियमामागील कारण जाणून घेणे औषधे देतानाही असेच उपयोगी पडते; शिरेतून द्यायचे पोटॅशियम क्लोराइड कधीही थेट इंजेक्शनने न देता पातळ करून सावकाश का द्यावे लागते, हे जाणणाऱ्या परिचारिकेला तो नियम वेगळा पाठ करावा लागत नाही, कारण रक्तातील पोटॅशियम एकदम वाढल्यास हृदय थांबू शकते हे तिला ठाऊक असते.

परवाना परीक्षेला केवळ परदेशी जाण्याचे साधन मानले, तर तिचे निम्मे मोल वाया जाते. तयारी करणाऱ्या प्रत्येक परिचारिकेने सोडवलेल्या प्रत्येक प्रश्नामागील कारण शोधावे आणि ते त्याच दिवशी आपल्या वॉर्डातील रुग्णाशी ताडून पाहावे. परीक्षा कोणत्याही देशाची असो, त्या अभ्यासावर पहिला हक्क समोरच्या खाटेवरील रुग्णाचा आहे.