बाहेरचं काही न घालता

लोखंड तापताना सांगत जातं: आधी लाल, मग नारिंगी, मग पांढुरकं. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. चंदेरी असतं, चंदेरीच राहतं आणि ६६० अंशांच्या आसपास एकाएकी पाणी होतं. त्याचे पातळ पत्रे स्पॉट वेल्डिंगने जोडणाऱ्यांविषयी मला फार आदर आहे तो यासाठीच; डोळ्यांना न दिसणारी गोष्ट ते सांभाळत असतात.

भोसरीच्या एका शेडमध्ये मी हे काम कितीदा तरी पाहत उभा राहिलो आहे. तांब्याच्या दोन टिपा, त्यांच्या आतून खेळणारं थंड पाणी, मध्ये मिलिमीटरभर जाडीचे दोन पत्रे. पेडल दाबलं की टिपा पत्रे आवळतात, ट्रान्सफॉर्मर हुंकारतो आणि स्पॉट पडलेला असतो. प्रवाह वाहतो जेमतेम सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतका, पण असतो पंचवीस-तीस हजार अँपिअर. तेवढ्याच जाडीच्या लोखंडी पत्र्याला याच्या तिसऱ्या हिश्शात भागतं. लोखंड विजेला अडवतं आणि अडवता अडवता तापतं. ॲल्युमिनियम तिला सहज वाट देतं आणि जी ऊब साठते तीही चहूकडे वाटून टाकतं. असा दिलदार धातू एका ठिपक्यापुरता तापवायचा म्हणजे घाईच करावी लागते.

शिवाय त्याच्यावर ऑक्साइडचा थर असतो, दुधावरच्या सायीसारखा: काढला की पुन्हा धरतो. काही नॅनोमीटरचाच, पण वितळायला दोन हजार अंशांच्या वर जावं लागतं. या थरामुळेच ॲल्युमिनियम टिकतं आणि याच्यामुळेच एक स्पॉट जळतो, शेजारचा कच्चा राहतो. म्हणून पत्रा घासायचा आणि लगेच जोडायचा. टिपांना ॲल्युमिनियम चिकटतं, त्यांची तोंडं खडबडीत होतात. त्याही पुन्हा पुन्हा घासायच्या.

एवढ्या कटकटीमुळे पुष्कळांनी दुसरी वाट धरली. जग्वारने २००३च्या एक्सजे गाडीची ॲल्युमिनियम बॉडी रिव्हेट आणि चिकटद्रव्याने जोडली. निर्णय शहाणपणाचाच. तरी माझं मन स्पॉटकडे ओढ घेतं. रिव्हेट म्हणजे तिसऱ्याच कुणाचा धातू. स्पॉटमध्ये बाहेरचं काहीच येत नाही. दोन पत्रे आपल्याच अंगातलं थोडंसं वितळवून एक होतात.

प्रवाह थांबल्यानंतरचा काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. वितळलेलं ॲल्युमिनियम गोठताना सुमारे सहा टक्के आकसतं. दाब तेव्हाच सुटला तर आत पोकळी राहते, चीर जाते. टायमर लावणारे नाना नव्या पोराला बजावतात, "होल्ड कमी करू नकोस रे, गोठू दे त्याला."

मग नमुन्याचे पत्रे पकडीने सोलायचे. कच्चा जोड नुसता सुटून येतो. पक्का सुटत नाही. एका पत्र्याला भोक पडतं आणि तिथलं बटण दुसऱ्याला धरून राहतं. नाना त्याला कॅलिपर लावतात. मिलिमीटरभर पत्र्याला पाच मिलिमीटरचं बटण आलं, की लॉट सुरू.