तीव्र मध्यमावर थांबताना

इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनच्या ‘वॉर रेक्विएम’मध्ये कोरसची खरी परीक्षा होते ती अगदी संथ, हलक्या आवाजात गायच्या ओळींमध्ये. सुरुवातीलाच सी आणि एफ शार्प या दोन स्वरांवर घंटा वाजू लागतात, आणि कोरस तेच स्वर धरून मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचं तर षड्ज आणि तीव्र मध्यम.

मी आल्टोत गाते, पण माझा कान घडला तो तानपुऱ्यावर. तीव्र मध्यम लागला की गळा आपसूक पंचमाकडे निघतो. यमन शिकलेल्या कुणालाही विचारा. इथे पंचम आधाराला नसतो. स्वर किंचितही चढू न देता तिथेच उभं राहायचं आणि शेजारच्या गटाचा दुसरा स्वर कानावर घेत राहायचं. यातला षड्ज कोणता, हे ठरवण्याचा मोह आवरावा लागतो. ठरवलं की हमखास बेसूर.

१४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन बॉम्बफेकीत इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचं कॅथीड्रल उद्ध्वस्त झालं. त्याच्या भग्नावशेषांशेजारी नवं उभं राहिलं, आणि ३० मे १९६२ ला तिथे ही रचना पहिल्यांदा सादर झाली. ब्रिटन स्वतः युद्धविरोधी. लॅटिन प्रार्थनांच्या मध्ये त्याने विल्फ्रेड ओवेनच्या इंग्रजी कविता घातल्या. ओवेन पहिल्या महायुद्धात, युद्धविरामाच्या आठवडाभर आधी, पंचविसाव्या वर्षी मारला गेला. कोरस मोठ्या ऑर्केस्ट्रासोबत शांती मागतो. टेनर आणि बॅरिटोन, छोट्या वाद्यवृंदासोबत, खंदकातलं मरण सांगतात. मुलांचा कोरस दुरून, ऑर्गनच्या साथीने येतो. धर्म जे सांत्वन देतो ते पुरतं का, हा प्रश्न ब्रिटनने प्रार्थनेच्या आतच बसवलाय. मला हे धाडस फार मोठं वाटतं.

आणि तो प्रश्न स्वरांतही आहे. पहिला भाग संपताना कोरस साथीशिवाय गात गात एफ मेजरच्या कॉर्डवर येऊन थांबतो. सी तिथेही आहे, पण आता पंचम म्हणून. ज्याला षड्ज मानायचा मोह होत होता, तो षड्ज नव्हताच. तीव्र मध्यमाच्या जागी शुद्ध मध्यम आला आणि तोच षड्ज झाला. मध्यमाला षड्ज मानून गाण्याची आपल्याकडे रीत आहे, पण तिथे वादक आधी तानपुरा तसा लावून घेतो. इथे आधी काहीच लावलेलं नसतं. तो नवा षड्ज आम्हीच, श्वास सांभाळत, हवेतून शोधायचा.

हेच पुढे दोनदा घडतं. शेवटच्या वेळी अवघड जास्त, कारण आधी टेनर-बॅरिटोनच्या, म्हणजे दोन शत्रू सैनिकांच्या, गाण्यात सगळे कोरस, दोन्ही वाद्यवृंद पहिल्यांदाच एकत्र मिसळतात, आणि कानाला वाटतं, मिटलं सगळं. मग पुन्हा घंटा, पुन्हा तेच दोन स्वर. इथे काही गायिका सुटकेच्या भावनेने शेवटचा कॉर्ड भरून गातात. मला ते पटत नाही. मी तो गाते ते अजून मागणंच चालू आहे, असं समजून.