दोन सेंटिमीटरची माणसं

आगगाडीच्या छोट्या प्रतिकृतींसाठी बनवलेली प्लॅस्टिकची माणसं खऱ्याखुऱ्या वस्तूंमध्ये उभी करून टिपणं, हा छायाचित्रणातला एक खोडकर प्रकार. कलामहोत्सवांच्या मांडवात आणि रस्त्यावरच्या बाजारांत तो चांगला रमतो. यातली बरीच माणसं एचओ मापाची, म्हणजे १:८७ प्रमाणातली असतात. उभा माणूस जेमतेम २ सेंटिमीटर भरतो. जर्मनीतली प्रायझर ही कंपनी त्यासाठी नावाजलेली आहे. या हिशोबाने २० सेंटिमीटरच्या भाकरीचं १७ मीटरचं अंगण होतं आणि साबुदाण्याचा दाणा फुटबॉलपेक्षा मोठा ठरतो. हिशोब पक्का नसेल तर ताटात बाहुल्या सांडल्यासारख्या दिसतात.

जपानच्या तात्सुया तनाकांनी २०११च्या एप्रिलपासून रोज एक चित्र देण्याचा परिपाठ ठेवला. त्यांच्या चित्रांत ब्रोकोलीचं झाड बनतं. लंडनचा स्लिंकाचू २००६पासून अशी माणसं रस्त्यावर मांडतो, फोटो काढतो आणि त्यांना तिथेच सोडून निघून जातो. तो एकाच प्रसंगाचे दोन फोटो दाखवतो, एक अगदी जवळून आणि एक लांबून. लांबच्या फोटोत ती माणसं पदपथाच्या कडेला शोधावी लागतात. खरी गंमत या दुसऱ्या फोटोत आहे, आणि थोडी कणवही.

जवळचा फोटो मात्र घाम काढतो. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर वस्तू निम्म्या आकारात टिपली तर एफ/११ला सुद्धा जेमतेम ४ मिलिमीटर खोलीच स्पष्ट येते. नाक नीट आलं की मागे धरलेला हात पुसट. छिद्र एफ/२२पर्यंत बारीक केलं तर खोली दुप्पट होते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळंच चित्र थोडं मऊ पडतं. म्हणून फोकस जरा-जरा सरकवत बरेच फोटो काढून ते जोडतात. तरीही मागचं सगळं धारदार करण्याचा मोह टाळलेला बरा. थोडी धूसरता राहिली तरच माणूस लहान वाटतो.

दुसरी अडचण नजरेच्या उंचीची. वरून टिपलेला माणूस खेळणंच राहतो. कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर यावा लागतो. मॅक्रो लेन्सचा मध्यच टेबलापासून ३-४ सेंटिमीटर वर असतो, त्यामुळे ताट पाटावर चढवावं लागतं. मोबाइल उलटा धरला की त्याची लेन्स थेट टेबलाला टेकते. या एका कामात तो महागड्या कॅमेऱ्यालाही भारी पडतो. माणसं चिमट्याने उचलतात आणि तळव्याला मेणाचा कण लावून उभी करतात. खिडकीचा उजेड ढगाळ सकाळ देतो, छोटी टॉर्च भर दुपार. कापलेलं सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबू चोळतात. कोथिंबीर मात्र कुणाचं ऐकत नाही, ती शेवटीच मांडायची.

विकत मिळणारी बहुतेक माणसं युरोपीय, कोट-टोपीवाली. त्यांना वारकरी करायचं तर एम-सीलचा फेटा बांधून, धोतर रंगवून घ्यावं लागतं. ही खटपट टाळणारे पुष्कळ आहेत, आणि मग पुरणपोळीवर परदेशी पाहुणेच फिरताना दिसतात. विनोद म्हणून तेही चालतं, पण दरवेळी नाही.

स्टॉलवर सर्वांत जास्त घोटाळा छपाईच्या आकाराचा होतो. २ सेंटिमीटरचा माणूस वीतभर झाला की साच्याची शिवण आणि रंगाचे ओघळ चव्हाट्यावर येतात. पोस्टकार्ड आणि लहान फ्रेम यांत तो शोभतो, शिवाय खपतोही जास्त. उघड्यावरच्या स्टॉलला चकाकत्या कागदापेक्षा मॅट बरा, कारण दुपारच्या उन्हात त्या चकाकीत गिऱ्हाइकाला स्वतःचाच चेहरा दिसतो. फ्रेमशेजारी खरी बाहुली आणि एक भिंग ठेवणारे काहीजण आहेत. त्याने गुपित फुटतं अशी तक्रार असते, पण लांबचा फोटो जे काम करतो तेच ती करते: मुलं वाकून पाहतात, मग आईवडील थांबतात, आणि वाट पाहताना एखादं पोस्टकार्ड उचललं जातं.